पाण्यात कालवलेली लस

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार, रक्कम एकवीस हजार सहाशे रुपये, जागा दर्यापूरचा एक जुना दवाखाना. हजर आम्ही चौघं: माझी आई, माझी काकू, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी. आई आणि काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, म्हणून आत जे झालं ते पाहणारे दोघंच. डॉक्टर नव्हते. त्यांच्या नात्यात कोणी वारलं होतं आणि ते सकाळीच मूर्तिजापूरला गेले होते. सुई कंपाउंडर देईल, तीस वर्षं तोच देतो, असा त्यांचा फोनवर निरोप होता.

रक्कम दोन खोक्यांची. एका खोक्यात नागिणीच्या लशीचा एक डोस, किंमत दहा हजार आठशे. प्रत्येकीला दोन डोस घ्यायचे होते, दुसरा दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. आईच्या खोक्याचे पैसे मी दिले होते. काकूच्या खोक्याचे काकूने स्वतः दिले, तुरीच्या पैशातून बाजूला ठेवलेले. मी राहू दे म्हणालो तर म्हणाली, "काहून राहू देऊ? नागीण मायी, पैसे माये."

काकूची नागिणीची भीती ऐकीव नव्हती. काकांना झाली होती. पाठीच्या मणक्यापासून निघून बरगडीवरून छातीपर्यंत फोडांचा पट्टा आला. गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याच्याभोवती गेरूची रेघ ओढली, रोज सकाळी येऊन काहीतरी पुटपुटायचा, आणि पाहुणे यायचे ते पहिल्यांदा हेच विचारायचे की तोंड आणि शेपटी किती लांब राहिली. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो म्हणत. टोकं जुळली नाहीत. फोड तीन आठवड्यांत सुकले. दुखणं मात्र पुढे चार वर्षं राहिलं. काकांना अंगाला कापड लागलेलं सोसायचं नाही. बनियन चिमटीत धरून अंगापासून दूर ओढून बसायचे, आणि जेवताना एक हात त्यात अडकलेला म्हणून काकू भाकरी कुस्करून द्यायची. ते पुढे वारले ते वेगळ्या आजाराने, पण काकूच्या लेखी त्यांचं आयुष्य नागिणीनेच संपवलं. म्हणून या आजाराला लस निघाली आहे हे मी एकदा बोलता बोलता सांगितलं, तेव्हा तिने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. "कधी आणतं?" एवढंच म्हणाली.

आई शहात्तर वर्षांची, अमरावतीला माझ्याकडे असते. काकू एकाहत्तरची, दर्यापूरला एकटी. दोघी जावा. दिवाळी झाली की आई पंधरा दिवस काकूकडे राहायला जाते, त्यामुळे दोघींना एकाच दिवशी सुई देऊ असं ठरलं. लस दर्यापुरात मिळत नव्हती. मी अमरावतीच्या दुकानातून दोन खोकी घेतली आणि बर्फाच्या डब्यात ठेवून बसने नेली. बर्फ थेट लागला तर लस गोठून निकामी होते हे दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून खोक्यांभोवती वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळले. वाटेत दोनदा डबा उघडून पाहिला. मी एका कॉलेजात हिशेबाचं काम करतो. मला वस्तू हातात घेऊन ताडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

कंपाउंडर हात धूत होता. तेवढ्यात मी दोन्ही खोकी उघडली. प्रत्येकात दोन बाटल्या, अंगठ्याएवढ्या. एकीत तळाशी पांढरी पावडर, दुसरीत पातळ औषध. मुदत खोक्यावर लिहिली होती ती बाटल्यांवर आहे का हे मला पाहायचं होतं. म्हणून चारही बाटल्या बाहेर काढून टेबलाच्या काचेवर ओळीने ठेवल्या, चष्मा वर केला आणि एक एक वाचू लागलो. थंड बाटल्यांना दमट हवेचं पाणी सुटलं होतं. पातळ औषधाची एक बाटली पुसून ठेवली ती आडवी झाली, घरंगळली आणि मी हात घालेपर्यंत खाली फरशीवर फुटली.

कंपाउंडर ओल्या हातांनीच आला. खाली पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, ते पाणीच असते. पावडर कालवाले देतेत."

"नक्की?"

"आता कोणतीबी पावडर घ्या ना, पाण्यातच कालवतेत. आपल्याजवळ इंजेक्शनचं पाणी हाये. तुमी टेन्शन घेऊ नका."

मी खाली वाकून काचेचे तुकडे गोळा करत होतो. फरशी काळी होती आणि तिच्यावर सांडलेलं औषध मला जवळून दिसत होतं. ते पाण्यासारखं स्वच्छ नव्हतं. किंचित दुधाळ होतं, भाताच्या निवळीसारखं. हे मी पाहिलं. ते सहज विसरण्यासारखं नव्हतं, मी मुद्दाम बोट लावूनही पाहिलं होतं. पण दहा हजार आठशे रुपये फरशीवर गेले असं म्हणण्यापेक्षा पाणी सांडलं असं म्हणणं मला परवडत होतं. चार वाजताची बस होती. डॉक्टरांना फोन करावा हे मनात आलं आणि दुःखाच्या घरी कशाला, असं म्हणून मी ते मोडून काढलं.

कंपाउंडरने पाण्याची कुपी फोडली. मग सुई हातात घेऊन विचारलं, "पाण्यातलं कोणाले लावू?"

त्याने ते असं विचारलं जसं दोन कप चहा पुढे ठेवून बिनसाखरेचा कोणाचा विचारतात. मी लगेच म्हणालो, "काकूले."

त्या क्षणाचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. चारही बाटल्या टेबलावर एकत्र होत्या. फुटली ती कोणाच्या खोक्यातली हे मलाही माहीत नव्हतं. ती काकूची ठरली ती माझ्या तोंडून निघाली तेव्हा. आणि ते नुसतं पाणीच आहे अशी माझी खात्री असती तर मी म्हणालो असतो, कोणालाही द्या. मी तसं म्हणालो नाही. विचार करायलाही थांबलो नाही.

आधी आई आत आली, मग काकू. काकूने पदर खांद्यावरून काढला, डोळे मिटले आणि म्हणाली, "टोच बापा, वाघीण आली तरी आता भ्यायची नाई." कंपाउंडर हसला. मीही हसलो. आईला खोक्यातलं औषध मिळालं, काकूला पाणी.

सोमवारी सकाळी काकूचा फोन आला. आईला ताप होता, हुडहुडी भरली होती, दंड लाल होऊन सुजला होता. मी घाबरलो, तर काकूच मला धीर देत होती. "डॉक्टर येऊन पाहून गेले. सुईचा ताप हाये म्हणे, दोन दिवसांत उतरन. मी कपाळावर पट्ट्या ठेवून राहिली ना."

"तुले काई झालं?"

"मले काय होते? हात बी दुखत नाई. तुयी मायच नाजूक. मले तं वाटते त्यानं मले नुसती सुई रुपवून काढून घेतली."

आणि खदखदून हसली. मागून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि काकू तिला म्हणत होती, "जाऊबाई, पाय दाबू का?"

त्या दोन दिवसांत काकूने आईचं सगळं केलं. आई अमरावतीला परत आली तेव्हा तिने बायकोला तेच सांगितलं, की माझ्यापेक्षा पाच वर्षांनीच लहान, पण अंग पाहा तिचं कसं भक्कम. बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "दर्यापूरचं पाणीच वेगळं." तिने सहज म्हटलं. मी उठून बाहेर गेलो.

पुढचे दोन महिने मी स्वतःला समजावत काढले. ताप न येणं हे चांगलंच, असं म्हणायचो. बऱ्याच लोकांना येत नाही. पण काकू गावभर सांगत होती की तिला नागिणीची सुई लागली. ज्या घरात कोणाला नागीण झाली तिथे ती काकांच्या नंतर कधी पाऊल ठेवत नव्हती. डिसेंबरात शेजारच्या म्हातारीला झाली, तर काकू रोज जाऊन तिला जेवू घालायला लागली. फोनवर मला सांगितलं, "मले आता कायचा धोका?" मी हो म्हणालो.

जानेवारीत काकू अकोल्याला लेकीकडे राहायला गेली. ही माझी चुलत बहीण, एका शाळेत शिकवते. दुसरा डोस तिथेच घेऊ असं ठरलं, आई पण मग चार दिवस तिकडे येणार होती. बहिणीने एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं होतं. लस त्यांच्याकडे मिळते का आणि कोणत्या दुकानातून मागवतात हे विचारायला मी आधी एकटाच गेलो. पस्तिशीच्या असतील. गर्दी नव्हती, त्यांनी नीट बसवून घेतलं.

"पहिल्या डोसनंतर काही त्रास झाला का?"

"एकीला ताप आला, जोरात. दुसरीला काहीच नाही."

"असं होतं. या लशीतलं जे पातळ औषध असतं ना, त्याने थोडा त्रास होतोच."

मी म्हणालो, "पातळ म्हणजे पाणी. पावडर कालवायला."

"नाही, नाही. पाणी नाही ते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पावडरीत विषाणूच्या अंगावरचा फक्त एक तुकडा असतो. त्याने आजार होऊ शकत नाही, पण तुकडा एकटाच गेला तर म्हातारं शरीर त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही. वय झालं की पहारा सुस्त होतो. पातळ औषधाचं काम त्या पहाऱ्याला हलवून जागं करायचं. त्यात दोन गोष्टी असतात. एक परदेशातल्या झाडाच्या सालीतून काढतात, आपल्या रिठ्याला फेस येतो ना, त्या जातीचं द्रव्य. आणि दुसरं, एका जंतूच्या कवचातला स्निग्ध भाग, निरुपद्रवी करून घेतलेला. शरीराला वाटतं जंतू आले, ते खडबडून उठतं, आणि मग शेजारी पडलेला तो तुकडा नीट बघून लक्षात ठेवतं. ताप, सूज, थंडी, हे त्या उठण्याचं."

"म्हणजे खरं औषध ते पातळच."

"दोन्ही लागतात. पण पातळाशिवाय पावडरीचा फारसा उपयोग नाही."

मला समजलं नाही असं बहुधा त्यांना वाटलं. त्यांनी विचारलं, घरात कोणाला धुळीच्या अॅलर्जीची इंजेक्शनं चालू आहेत का. माझ्या बायकोची सव्वा वर्षापासून चालू आहेत. तिला कापसाच्या जिनिंगच्या दिवसांत शिंका लागतात, दम लागतो. दर इंजेक्शनाची तारीख मीच लक्षात ठेवतो.

"तिथे उलटं काम असतं," त्या म्हणाल्या. "तिथे शरीर उगाचच धुळीवर धावून जातं, त्याला गप्प करायचं असतं. म्हणून तीच धूळ थोडी थोडी, वाढवत वाढवत टोचतात. त्यातल्या काही इंजेक्शनांत तुरटीच्या जातीचा क्षार घालतात, औषध जागेवर धरून ठेवायला, हळूहळू सुटायला. तोच क्षार लहान मुलांच्या लशींमध्ये शरीराला जागं करायला वापरतात. म्हणजे सोबत दिलेली वस्तू उठवतेच किंवा निजवतेच असं नाही. ती कशाबरोबर दिली, किती दिली, किती वेळा दिली, त्यावर आहे. काहींवर तर संशोधन चालू आहे की त्यांनी शरीराला नुसतं शांत राहायला शिकवता येईल का, म्हणजे ज्यांचं शरीर स्वतःवरच उलटतं त्यांच्यासाठी."

एरवी मी हे आवडीने ऐकलं असतं, पुन्हा पुन्हा विचारलं असतं. मी विचारलं ते एवढंच: "समजा, कोणी पावडर साध्या पाण्यात कालवून दिली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिली का कोणी?"

"नाही. असंच विचारतो."

फी दिली, नमस्कार केला, जिना उतरलो. खाली एक औषधाचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर एक बाई लहान मुलाला गोळी गिळायला लावत होती. तो तोंड घट्ट मिटून बसला होता. मी तिथे उभा राहिलो. मला समोर दिसत होतं की आता कोणालाच काही सांगायची गरज नाही. डॉक्टरबाई दुसरा डोस देतील, काकू खूश होईल, कागदावर दोन डोस पूर्ण. नागीण झालीच तर लस शंभरातल्या शंभर जणांना लागू पडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्यावर कधीच काही येणार नव्हतं. आणि काकू एखाद्या दिवशी काकांसारखी पदर चिमटीत धरून बसली तर ते मला एकट्याला माहीत असणार होतं.

मी परत वर गेलो. "मॅडम, दिली आहे. माझ्याच समोर."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं कधी दिली, कोणाला, वय काय, दुसरी औषधं कोणती चालू आहेत. सांधेदुखीसाठी कुठून पुड्या आणून घेते का, हेही विचारलं, कारण तशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड असतं आणि ते शरीराचा हा पहाराच दाबून टाकतं. मी बहिणीला फोन लावून विचारलं. पुड्या नव्हत्या. तेवढं तरी बरं.

"मग तो डोस मोजायचा नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता पहिला द्यायचा, दोन महिन्यांनी दुसरा. तोपर्यंत समजायचं की त्यांना लस मिळालेलीच नाही."

"शेजारच्या बाईला नागीण झाली, काकू त्यांच्याकडे रोज जात होत्या."

"त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या असतील ना? मग नागीण दुसऱ्याकडून येत नाही. जे आहे ते त्यांच्या आतच झोपलेलं आहे." मग म्हणाल्या, "काका, त्यांना सांगून आणा. तिसरी सुई का, हे त्यांना माहीत असू द्या."

बहिणीच्या घरी काकू अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. समोर परातीत हिरवे सोले. मी पाट ओढून बसलो आणि शेंगा घेतल्या.

"काय म्हणे डॉक्टरीन?"

"काकू, तुयी पहिली सुई वाया गेली."

तिने हातातली शेंग फोडली. "काहून?"

मी सांगितलं. बाटली फुटली इथपासून सांगितलं. दुधाळ दिसलं ते सांगितलं. कंपाउंडरने काय विचारलं ते आणि मी काय म्हणालो ते सांगितलं. मधे एकदा वाटलं की ते शेवटचं गाळावं, बाटली फुटली एवढं पुरेसं आहे. पण मग तिने कंपाउंडरलाच शिव्या दिल्या असत्या.

शेंगा सोलता सोलताच ती म्हणाली, "मंग मी तुया मायचे पाय दाबत होती तवा तुले माईत होतं?"

"पाणी हाये का औषध, हे पक्कं माईत नव्हतं."

"ते नाई इचारलं. मले पाणी देलं हे माईत होतं?"

"हाव."

"आन् मी फोनवर हासून राहिली होती."

"हाव."

ती हसली, पण ते हसणं वेगळं होतं. "अरे बापू, तुयी माय हाये. तू तिले चांगलं देलं, त्यात काय नवल? कोणीबी तेच करन. मी बी मायी पोरगी असती तं तिलेच देलं असतं." एवढं बोलून तिने सोले एका हाताने सारखे केले. "पण आठवी, नववी, दहावी. तीन वर्सं तू माया घरी जेवला. मी कधी तुले येगळं वाढलं का? सांग."

तिने कधीच वेगळं वाढलं नव्हतं. माझ्या वडिलांची बदली धारणीकडे झाली होती, तिथे शाळेची सोय नव्हती, म्हणून मी दर्यापुरात राहिलो. बहिणीला आणि मला दूध एकाच मापाच्या दोन पेल्यांतून मिळायचं, आणि साय एक दिवस तिला, एक दिवस मला. मी म्हणालो, "नाई."

"मंग झालं."

बहीण आतून चहा घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून म्हणाली, "काय झालं बाप्पा?" काकू म्हणाली, "काई नाई. तुया भावानं मले पाणी पाजलं, दंडातून." आणि मग तिनेच सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा थोडक्यात, आणि माझ्यावर न चिडता. बहीण चिडली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला तो इतका जोरात की बशीत सांडला.

मी म्हणालो, पुढच्या सुईचे पैसे मी देतो. काकूच्या आताच्या सुईचे पण आणि नंतरच्या सुईचे पण.

"एक मिनिट," काकू म्हणाली. "फुटली तवा बाटली कोणाची होती?"

"कोणाचीच नाई. सगळ्या एकात एक झाल्या होत्या."

"कोणाचीच कशी? एक मायी, एक तुया मायची. मंग फुटली ते दोघीची फुटली. अर्धं अर्धं नुकसान. तुयी माय येऊ दे."

"मी फोडली, काकू. मी देतो ना."

"तुले पैसे देऊन मोकळं व्हायचं हाये," ती म्हणाली. "ते नाई जमत."

आई दोन दिवसांनी अकोल्याला आली. सांगायचं काम काकूने माझ्यावरच टाकलं. मी सांगत असताना काकू शेजारीच बसून होती आणि मी एखादी गोष्ट पुढे ढकलली की म्हणायची, "ते सांग ना, इचारलं कोणाले लावू म्हणून." आईने सगळं ऐकलं. तिला राग येतो तेव्हा ती आवाज चढवत नाही, चष्मा काढून पदराने पुसते.

"मी बाहेर बाकावर बसली होती," ती म्हणाली. "दार उघडंच होतं. तुले मले इचारता आलं नसतं?"

"घाई होती."

"मी काय म्हटलं असतं, माईत हाये तुले?"

मला माहीत होतं. ती म्हणाली असती, धाकटीला दे, ती एकटी राहते. म्हणूनच मी विचारलं नव्हतं, हे मला ती बोलल्यावर समजलं. तोपर्यंत मी घाईचंच कारण धरून होतो.

"तिनं दोन दिवस माया उशाशी काढले," आई म्हणाली. "आन् मी सगळ्याईले सांगत होती, तिचं अंग भक्कम म्हणून. तुया कामात मले कायले ओढलं?"

त्यानंतर ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. काकूशी बोलत होती. दोघींनी मिळून सोल्यांची आमटी केली आणि मला वाढली.

सुया डॉक्टरबाईंनी स्वतः दिल्या. दोन खोकी त्यांनीच माझ्यासमोर उघडली. मला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवलं होतं. पातळ औषध त्यांनी पावडरीच्या बाटलीत सोडलं, हलक्या हाताने फिरवलं, आणि ते दुधाळ पाणी सुईत ओढलं. काकू मला म्हणाली, "पाह्य नीट." मी पाहत होतो. आईचा तो दुसरा डोस, काकूचा खरा पहिला.

मी त्या दिवशी बहिणीकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या काकूच्या कपाळाला हात लावला. मला तिला ताप हवा होता. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण तेच मागत होतो: तिला थंडी वाजावी, दंड लाल व्हावा, म्हणजे मला दिसेल की यावेळी काहीतरी आत गेलं. आईला पुन्हा ताप आला, आधीपेक्षा कमी. काकूचं कपाळ गार होतं. दंड दाबला तर म्हणाली, "दुखते थोडंसं. तू असा दाबला तं कोणाचाबी दुखन."

दुपारी मी डॉक्टरबाईंना फोन केला. "ताप नाही आला त्यांना."

"प्रत्येकाला येतोच असं नाही."

"मग लागू पडली हे कसं कळणार?"

"ताप आला म्हणून जास्त लागू पडली आणि नाही आला म्हणून कमी, असा हिशेब नाही काका. ज्यांना काहीच झालं नाही त्यांनाही संरक्षण मिळतं. घरी बसून तपासण्यासारखं यात काही नाही. दोन डोस नीट द्यायचे, एवढंच आपल्या हातात."

म्हणजे नोव्हेंबरातही काकूला ताप आला नसताच, कदाचित. त्या न आलेल्या तापाने काहीच सिद्ध होत नव्हतं, आणि दोन महिने मी त्याच्याकडेच टक लावून बसलो होतो. जे सिद्ध व्हायचं ते मी दवाखान्यात तोंडाने बोललेल्या एका शब्दाने झालं होतं, आणि ते तपासायला कोणाची गरज नव्हती.

मार्चमध्ये काकूचा दुसरा डोस झाला, त्याच डॉक्टरबाईंकडे, बहीण सोबत होती. मी खोकं आणून दिलं, बंदच, उघडलं नाही. अजून काकू बरी आहे. दर्यापूरला परत गेली आहे. फोनवर पहिल्यासारखीच बोलते. आई बोलते, पण डॉक्टरांच्या गोष्टी आता माझ्याऐवजी माझ्या बायकोला सांगते.

लशीचे खर्च असे झाले. एकूण पाच खोकी, चौपन्न हजार रुपये. दोन खोक्यांचे अमरावतीच्या दुकानदाराला नोव्हेंबरातच दिले होते. उरलेल्या तिन्हींचे बत्तीस हजार चारशे अकोल्याच्या दुकानदाराला गेले. त्यात आईच्या दुसऱ्या डोसचे दहा हजार आठशे मी दिले, काकूच्या दुसऱ्या डोसचे तेवढेच काकूने. फुटलेल्या बाटलीपायी जे खोकं जास्तीचं लागलं, त्याचे पाच हजार चारशे आईने तिच्या पेन्शनीतून दिले आणि पाच हजार चारशे काकूने. मी पाकीट काढून उभा होतो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, तशी काकू त्याला म्हणाली, "त्याच्याकडून घेऊ नका," आणि त्याने घेतले नाहीत.